तारणहार आणि वर्गणीदार

कथा कोठून सांगावयास आरंभ करावा, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ रचनेचा वाटतो. पण पुष्कळदां त्यांतच कथेचा न्याय ठरून जातो. एखादें जुनें घर पडावयास आलें होतें आणि एका धनिक गृहस्थानें येऊन तें सांवरलें, अशी हकीकत सांगतांना त्या गृहस्थाची गाडी दाराशीं थांबते तेथून सुरुवात केली, तर घराचा तारणहार तोच ठरतो. परंतु त्यापूर्वीं दहा वर्षें घरांतल्याच माणसांनीं पावसाळ्याच्या रात्रीं उठून गळक्या छपराखालीं भांडीं मांडलीं होतीं, ऐपतीप्रमाणें एकेक वासा बदलला होता, हें ज्याला ठाऊक आहे त्याला ती हकीकत खोटी वाटली नाहीं तरी अपुरी खास वाटेल. ‘वेलकम टू रेक्सहॅम’ ही बहुचर्चित मालिका पाहून संपल्यावर आमच्या मनांत जी रुखरुख राहिली ती या जातीची आहे.

मालिकेचें पहिलें पर्व २०२२ च्या ऑगस्ट महिन्यांत पडद्यावर आलें. त्याचे अठरा भाग आहेत. वेल्समधील रेक्सहॅम या गांवचा फुटबॉल क्लब इंग्लंडच्या पांचव्या श्रेणींत बरींच वर्षें रुतून बसला असतां रायन रेनल्ड्स आणि रॉब मॅकेल्हेनी या दोन नटांनीं तो आपल्या हातीं घेतला, ही त्यांतील मुख्य घटना. पहिला मूळचा कॅनडाचा, दुसरा अमेरिकेंतील फिलाडेल्फियाचा. फुटबॉलच्या व्यवहाराशीं दोघांचाही पूर्वीं कांहीं संबंध नव्हता. हें अज्ञान लपवून न ठेवतां त्यावरच विनोद उभारण्यांत मालिकेचें अर्धें चातुर्य आहे. अमेरिकन प्रेक्षकाला न कळणाऱ्या ब्रिटिश शब्दांचे अर्थ पडद्यावर लिहून दाखविण्याची तिची खोडी गमतीची आहे, आणि आपल्यासारख्या तिसऱ्याच देशांतील प्रेक्षकाला ती उपकारकही होते.

दोष सांगण्यापूर्वीं गुणांची कबुली देणें हें टीकाकाराचें कर्तव्यच आहे, आणि येथें तें आनंदानें पार पाडतां येतें. मैदानाला लागून ‘टर्फ’ नांवाचें मद्यगृह आहे. १८६४ सालीं क्लबचा जन्म झाला त्याची आठवण याच जागेशीं जोडलेली आहे. तेथें जमणारीं माणसें, रंगारी, दुकानदार, आजोबा, शाळकरी पोरें, हीं मालिकेनें फार ममतेनें टिपलीं आहेत. त्यांचीं घरें, त्यांचे मोडलेले संसार, शनिवारच्या सामन्याभोंवतीं बांधलेला त्यांचा आठवडा हें सारें पाहतांना आपण एका परक्या गांवांत आहों हें विसरावयास होतें. शिवाय पहिलें पर्व विजयानें संपत नाहीं. २०२२ च्या मे महिन्यांत, वर चढण्याची संधि हाताशीं आली असतां, घरच्याच मैदानावर ग्रिम्सबीकडून चारास पांच अशा गोलांनीं रेक्सहॅमचा पराभव झाला. आणि मालिकेनें तो पराभव पळवाट न काढतां दाखविला आहे. पैशाच्या बळावर सर्व कांहीं मिळतें असा सोपा उपदेश तिनें निदान त्या पर्वांत तरी केलेला नाहीं.

मग उणें कोठें आहे? तें समजावयास गांवाचा आणि क्लबचा इतिहास थोडा तपशिलानें पाहिला पाहिजे. रेक्सहॅमच्या आसपासचा मुलूख कोळशाच्या खाणींचा आणि पोलादाचा. येथील ‘रेसकोर्स’ मैदानावर १८७७ सालीं वेल्सचा संघ स्कॉटलंडशीं खेळला. आंतरराष्ट्रीय सामने अद्याप जेथें होतात अशा मैदानांत हें जगांतील सर्वांत जुनें मानलें जातें. या मैदानाचें आणि खाणींचें नातें किती जवळचें होतें याची एकच साक्ष पुरे. १९३४ च्या सप्टेंबरची २२ तारीख शनिवारीं आली होती आणि दुपारीं ट्रॅनमिअर रोव्हर्सशीं सामना होता. तो पाहावयास मिळावा म्हणून कित्येक खाणकामगारांनीं पाळ्या बदलून, कित्येकांनीं दुप्पट पाळी करून, शुक्रवारची रात्र ग्रेसफर्डच्या खाणींत घालविली. पहाटे दोनच्या सुमारास स्फोट झाला. २६६ माणसें मेलीं. बहुतेकांचे देह खाणींतच राहिले आणि खाणीचा तो भाग बंद करण्यांत आला. मेलेल्यांच्या विधवांना जेव्हां मजुरी मिळाली, तेव्हां ती पाळी पुरी झाली नाहीं म्हणून अपुऱ्या पाळीचे पैसे कापून घेतलेले होते. या गांवांत फुटबॉल म्हणजे केवळ करमणूक असें म्हणण्यापूर्वीं हा हिशेब डोळ्यांपुढें आणावा.

पुढें खाणी मिटल्या. बर्शमची खाण १९८६ सालीं बंद पडली, ब्रिम्बोचा पोलाद-कारखाना १९९० सालीं. गांवाच्या हातचे उद्योग गेले आणि गांवाचें म्हणावें असें जें थोडें उरलें त्यांत हा क्लब होता. १९९२ च्या जानेवारींत याच क्लबनें, आदल्या वर्षीं चौथ्या श्रेणींत अगदीं तळाशीं राहिला असतां, त्या वेळच्या विजेत्या आर्सेनलला दोनास एक असें हरविलें. त्या दिवसाची गोष्ट रेक्सहॅमचीं माणसें अजून सांगतात.

परंतु आठवणींवर क्लब चालत नाहीं. लहान क्लबांचें अर्थशास्त्र मोठें विचित्र असतें, आणि तें कळल्यावांचून त्यांच्या पाठीराख्यांचें दुःख कळावयाचें नाहीं. उत्पन्न तिकिटांचें, गांवांतल्या दुकानदारांच्या जाहिरातींचें, आणि नशिबानें एखाद्या बड्या क्लबशीं सामना पडला तर त्याचें. खर्च मुख्यतः खेळाडूंच्या पगारांचा. वरच्या श्रेणींत गेलें तर उत्पन्न वाढतें, म्हणून वर जाण्याच्या आशेनें प्रत्येक क्लब ऐपतीबाहेरचे पगार कबूल करतो. पण दरवर्षीं वर जाणारे दोन-चारच, बाकीच्यांच्या पदरीं तेवढे पगार राहतात. ही तूट मालक भरून काढतो. बहुधा ती देणगी नसते, कर्ज असतें. आणि असा क्लब हळूहळू आपल्याच मालकाचा ऋणको बनतो. त्याच्याजवळ विकण्यासारखी वस्तु एकच असते, ती म्हणजे मैदानाची जमीन. गांव वाढून ती जमीन मध्यवस्तींत आलेली असली म्हणजे कोणाच्या तरी मनांत असा विचार येतोच कीं, येथें फुटबॉलपेक्षां घरें आणि दुकानें अधिक उत्पन्न देतील.

रेक्सहॅमला तेंच घडलें. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं क्लब जमिनींच्या व्यवहारांत मुरलेल्या लोकांच्या हातीं गेला. मैदानाची मालकी क्लबपासून तोडून मालकाच्या दुसऱ्या कंपनीकडे नेण्यांत आली. आणि २००४ सालीं क्लबला स्वतःच्याच मैदानांतून निघून जाण्याची नोटीस मिळाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत क्लब दिवाळखोरीच्या दाराशीं येऊन प्रशासकांच्या ताब्यांत गेला. नव्या नियमाप्रमाणें शिक्षा म्हणून त्याचे दहा गुण कापले गेले आणि तो खालच्या श्रेणींत घसरला. मैदानावरचा क्लबचा हक्क न्यायालयानें २००५ सालीं मान्य केला. पण २००८ सालीं, १९२१ पासून ज्या फुटबॉल लीगमध्यें क्लब खेळत आला होता तींतून तो बाहेर फेंकला गेला. गुन्हा कोणाचा आणि शिक्षा कोणाला, हा प्रश्न विचारावयास त्या नियमांत जागा नव्हती.

आतां आमच्या मतें या कथेचा खरा आरंभ. २०११ च्या उन्हाळ्यांत क्लब पुन्हा बुडण्याच्या बेतांत आला. मैदान तेथील विद्यापीठानें विकत घेतलें. नवा हंगाम तोंडावर आला असतां लीगच्या चालकांनीं सांगितलें कीं, अडीच लाख पौंडांची हमी भरा, नाहीं तर तुम्हांस खेळूं देतां येणार नाहीं. तेव्हां पाठीराखे मैदानाच्या दाराशीं जमले आणि एका दिवसांत एक लाखाहून अधिक पौंड उभे राहिले. कोणी लग्नासाठीं सांठविलेले पैसे आणून दिले, कोणी घराचीं कागदपत्रें पुढें केलीं, मुलांनीं आपले गल्ले आणले, असें त्या दिवसाविषयीं सांगतात. वर्ष संपण्यापूर्वीं पाठीराख्यांचा ट्रस्ट क्लबचा मालक झाला. एक सभासद, एक मत, असा त्याचा नियम. ज्यानें लहानशी वार्षिक वर्गणी दिली त्याचा आणि ज्यानें हजार पौंड दिले त्याचा अधिकार सारखा.

या वर्गणीदारांचा कारभार जवळजवळ दहा वर्षें चालला. पहिल्याच हंगामांत संघानें ९८ गुण मिळविले, तरी पहिला क्रमांक थोडक्यांत हुकला आणि वर जातां आलें नाहीं. २०१३ च्या मार्चमध्यें त्यांनीं वेम्ब्लीच्या मैदानावर एफ्. ए. ट्रॉफी जिंकली, दोनच महिन्यांनीं तेथेंच वर चढण्याचा अंतिम सामना हरले. त्यानंतरचीं वर्षें मात्र कंटाळवाणीं, काटकसरीचीं, मध्यम यशाचीं गेलीं. त्यांनीं जुनीं देणीं वारलीं, मैदानाचा ९९ वर्षांचा भाडेपट्टा करून घेतला, पगार ऐपतींत ठेवले. हीं कामें चित्रपटांत दाखविण्यासारखीं नाहींत. हिशेबनिसाचें टेबल, सभेंतील वादावादी, शनिवारीं तिकिटें फाडणारे आणि रविवारीं मैदान झाडणारे बिनपगारी हात, यांत नाट्य शोधावयास मोठी प्रतिभा लागते. परंतु हीं कामें झालीं नसतीं तर २०२० सालीं त्या दोन नटांना विकत घेण्यासाठीं रेक्सहॅममध्यें कांहीं उरलेंच नसतें.

त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत जें मतदान झालें तें आमच्या दृष्टीनें या सर्व इतिहासांतील उत्कट प्रसंग होय. महामारीमुळें मैदानें ओस पडलीं होतीं, तिकिटांचें उत्पन्न थांबलें होतें, आणि आदल्या हंगामांत संघ पांचव्या श्रेणींत एकोणिसावा आला होता. नव्या मालकांनीं वीस लाख पौंड घालण्याचें वचन दिलें. सभासदांनीं मतें दिलीं: बाजूनें १,८०९, विरुद्ध २६. ज्यांनीं आपल्या हातांनीं क्लब वांचविला, त्यांनीं तो आपल्याच हातांनीं, एकेका मतानें, दुसऱ्यांच्या स्वाधीन केला. जें प्राणपणानें जपलें तें अधिक समर्थ हातांत सोंपविणें हा आईबापांच्या आयुष्यांतील प्रसंग आहे. मुलगी सासरीं पाठवितांना जी कालवाकालव होते तिच्याशीं याचें कांहीं साम्य असलें पाहिजे. त्या १,८०९ जणांपैकीं किती आशेनें आणि किती थकव्यानें बोलले असतील? आणि ते सव्वीस? त्यांना अडाणी वा हट्टी म्हणून बाजूला सारणें सोपें आहे. परंतु पूर्वीं एकदां बाहेरच्या माणसावर विश्वास टाकून मैदान गमावण्याची वेळ आलेली ज्यांना आठवत होती, त्यांचा नकार हाही क्लबवरील प्रेमाचाच एक प्रकार असूं शकतो.

मालिकेंत हा प्रसंग येतो. पण तो येतो दोन नटांच्या बाजूनें. आपला प्रस्ताव स्वीकारला जातो कीं नाहीं या उत्कंठेंत ते बसले आहेत, निकाल येतो, ते हर्षभरित होतात, आणि कथा पुढें धांवूं लागते. म्हणजे देणाऱ्यांचा प्रसंग घेणाऱ्यांचा होऊन बसला. ट्रस्टच्या दहा वर्षांचा उल्लेख मालिका टाळीत नाहीं, हें मान्य केलें पाहिजे. परंतु तीं वर्षें पार्श्वभूमि म्हणून येतात, मुख्य चित्र म्हणून येत नाहींत. त्यामुळें ज्या माणसांचें चित्रण ती इतक्या ममतेनें करते तींच माणसें तिच्या रचनेंत आशाळभूत प्रेक्षक बनतात. वस्तुतः तीं कालपर्यंत मालक होतीं. आमचा मुख्य आक्षेप हाच.

यावर असें उत्तर येईल कीं, मालिका त्या नटांनीं स्वतः काढली, ती त्यांचीच गोष्ट सांगणार. आणि त्यांनीं केलें तें थोडें का आहे? वीस लाख पौंड वर्गणीदारांना जमवितां आले असते काय? आले नसते. २०२२ सालीं नव्या मालकांच्या काळांतच मैदान पुन्हा क्लबच्या मालकीचें झालें. २०२३, २०२४ आणि २०२५ अशीं लागोपाठ तीन वर्षें संघ वर चढत गेला. असा पराक्रम इंग्लंडच्या पहिल्या पांच श्रेणींत पूर्वीं कोणी केलेला नव्हता. गांवांत परदेशी पाहुणे येऊं लागले, दुकानें चालूं लागलीं. हें सारें खरें आहे आणि त्याचा आनंद न मानणें हा कोतेपणा ठरेल. तथापि २०२२-२३ च्या हिशेबांत क्लब आपल्या मालकांना सुमारे नव्वद लाख पौंड देणें लागत होता, हेंही तितकेंच खरें आहे. तें कर्ज पुढें फिटलें, कारण मालिकेनें मिळविलेल्या कीर्तीमुळें जाहिरातींचें आणि मालाच्या विक्रीचें उत्पन्न अतोनात वाढलें. म्हणजे येथें मालिका ही केवळ कथा राहिली नाहीं; क्लबचें भांडवलच ती आहे. ज्या कथेवर कथेंतील पात्रांचें पोट अवलंबून आहे, तिला त्या पात्रांविषयीं सर्व प्रश्न विचारतां येतील ही अपेक्षाच व्यर्थ होय. तिच्यांतील प्रांजळपणाची मर्यादा लेखनकौशल्यांत शोधूं नये. ती या व्यवहारांत आहे.

दुसरें असें कीं, या कथेंतून प्रेक्षक जो बोध घेऊन उठतो तो इतर क्लबांना लागू पडत नाहीं. मँचेस्टरजवळच्या बरी गांवच्या क्लबकडे पाहावें. स्थापना १८८५ सालची. १९०० आणि १९०३ या दोन वर्षीं त्यानें एफ्. ए. कप जिंकला, दुसऱ्या वेळीं तर अंतिम सामन्यांत सहा गोल एकही न घेतां केले. २०१८ च्या डिसेंबरांत हा क्लब कर्जासकट अवघ्या एका पौंडाला विकला गेला. पुढच्या वसंतांत, पगार थकलेले असतांनाही, त्याच्या खेळाडूंनीं संघ वरच्या श्रेणींत नेला. आणि त्याच वर्षीं २७ ऑगस्टला, पैशाची हमी देतां आली नाहीं म्हणून, लीगनें त्याला काढून टाकलें. त्या दिवशीं शेंकडों पाठीराखे झाडू, बादल्या आणि फडकीं घेऊन मैदानावर जमले होते. शनिवारीं सामना होईल या आशेनें ते खुर्च्या पुशीत होते, जिने धूत होते. रात्रीं निकाल आला. कोणी नट तेथें आला नव्हता. पुढें पाठीराख्यांनीं मैदान परत मिळविलें, दोन गटांत पडलेली फूट मतदानानें मिटविली, आणि २०२३ पासून बरीचा संघ अगदीं खालच्या पायरीवरून, आपल्या जुन्या मैदानावर, पुन्हा खेळूं लागला. त्या पुशीत बसलेल्या खुर्च्यांचें चित्र रेक्सहॅमच्या सर्व विजयोत्सवांपेक्षां आमच्या मनांत अधिक काळ राहिलें आहे.

तारणहार यावा अशी इच्छा बाळगणें हें धोरण होऊं शकत नाहीं, ही गोष्ट इंग्लंडच्या राज्यकर्त्यांनाही अखेर पटली असावी. बरीच्या आपत्तीनंतर पाठीराख्यांचें म्हणणें ऐकून घेणारी चौकशी झाली, २०२१ सालीं तिचा अहवाल आला, आणि २०२५ सालीं संसदेनें कायदा करून फुटबॉलच्या क्लबांवर देखरेख ठेवणारा स्वतंत्र नियामक नेमण्याची व्यवस्था केली. मालक कोण आहे, त्याचा पैसा कोठून येतो, मैदान विकतांना पाठीराख्यांना विचारलें काय, हे प्रश्न आतां कायद्यानें विचारले जातील. झाडू घेऊन जमलेल्या माणसांचा हा विजय आहे. पण त्यावर मालिका निघण्याचा संभव कमी.

मराठी वाचकाला हा सारा प्रकार परका वाटण्याचें कारण नाहीं. वर्गणी या शब्दांत काय सामर्थ्य आहे आणि काय मर्यादा आहेत हें आपल्याला चांगलें ठाऊक आहे. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडांतून १९०८ सालीं तळेगांवास काचेचा कारखाना निघाला. आपलीं कित्येक वाचनालयें, शाळा, व्यायामशाळा अशाच चिल्लर नाण्यांवर उभ्या राहिल्या. अशा संस्थेला कधीं तरी मोठी देणगी मिळते, नवी इमारत होते, दारावर देणगीदाराच्या नांवाची संगमरवरी पाटी बसते. पाटीला आमचा विरोध नाहीं. देणगीदाराचें ऋण मानलेंच पाहिजे. पण कपाटांत कोठें तरी जुनी पावती-पुस्तकें पडलेलीं असतात, त्यांवर चार-चार आण्यांचे आंकडे आणि शेंकडों विसरलेलीं नांवें असतात. संस्थेचा इतिहास लिहूं पाहणाऱ्यानें आधीं तें कपाट उघडावें.

‘वेलकम टू रेक्सहॅम’ ही रंजक, सहृदय आणि बऱ्याच अंशीं प्रामाणिक कलाकृति आहे. ती अवश्य पाहावी, कुटुंबासह पाहावी. मात्र पहिल्या भागांत ते दोन नट उत्कंठेनें निकालाची वाट पाहत बसतात, तेथें क्षणभर थांबून पलीकडच्या बाजूला, रेक्सहॅमच्या घराघरांतून, मत देण्यापूर्वीं विचार करीत बसलेल्या त्या दोन हजार वर्गणीदारांची आठवण करावी. मालिकेनें न लिहिलेलें प्रकरण तेथें आहे.